‘चल जाएगा’ म्हणजे नेमकं काय?

तुमच्या मोबाइलमध्ये ती यादी नक्की आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट. प्रत्येकापुढे एक आकडा, तो तीनदा खोडून पुन्हा लिहिलेला, आणि तळाशी एक बेरीज, जी बजेटमध्ये कधीच बसत नाही. सुट्टीत केलेल्या कामाचे पैसे, आजीने बारावीला दिलेलं पाकीट, ताईकडून घेतलेले उसने आणि बाबांनी ‘यातच प्रोजेक्टही करायचे’ या अटीवर घातलेली भर, असं करत साठ-सत्तर हजार जमलेत. पुढची चार-पाच वर्षं तरी एवढे पैसे एकरकमी पुन्हा हातात यायचे नाहीत.

आणि ती यादी कशी तयार झाली? तीन वेगवेगळे व्हिडिओ, दोन मित्रांचे सल्ले आणि एका सेलमधली ‘ऑफर’. यादीतला प्रत्येक भाग एकटा घेतला तर चांगलाच असतो. घोळ होतो तो त्यांची मोट बांधताना. म्हणून तुम्ही काउंटरवर विचारता, ‘याच्याबरोबर हे चालेल ना?’ पलीकडून लगेच उत्तर येतं, ‘चल जाएगा, बॉस.’

सगळी गोम या ‘चालेल’मध्ये आहे. भाग जागेवर बसेल, हाही ‘चालेल’. बटण दाबल्यावर मशीन सुरू होईल, हाही ‘चालेल’. आणि तुम्ही ज्यासाठी पैसे मोजले ती पूर्ण ताकद मिळेल, हाही ‘चालेल’च. दुकानदार बहुतेक वेळा पहिल्या अर्थाने बोलतो, तुम्ही तिसऱ्या अर्थाने ऐकता. तो खोटं बोलत नसतो, पण तुमचे पैसे मात्र गेलेले असतात. कारण खोका उघडला की सहसा तो परत घेतला जात नाही, आणि चूक कळते ती रात्री अकरा वाजता, घरी.

यादी उलटी लिहा

आपल्याकडे यादी प्रोसेसरने सुरू होते आणि उरलेल्या पैशात मॉनिटर येतो. नाहीतर घरातलाच जुना लावला जातो. हे उलटं करा. आधी दोन प्रश्नांची उत्तरं लिहा: कोणते गेम खेळणार आणि कोणत्या स्क्रीनवर?

साधा हिशेब बघा. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे एका चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके. १४४०पी म्हणजे सुमारे ३६.९ लाख. फोर-के म्हणजे जवळपास ८३ लाख. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर त्याच्यासाठी ग्राफिक्स कार्डाला असं चित्र सेकंदाला १४४ वेळा काढावं लागतं. म्हणजे १०८०पीवरून १४४०पीवर उडी मारलीत की कार्डाचं काम जवळजवळ पावणेदोन पट होतं. उलट, घरातला साठ हर्ट्झचा मॉनिटर ठेवून महागडं कार्ड घेतलंत तर कार्ड दोनशे चित्रं काढेल आणि स्क्रीन दाखवेल साठ. बाकीचे पैसे वीजबिलात.

गेमचंही तसंच. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ साध्या सेटिंगवर खेळताना कार्डावर फार भार येत नाही. सेकंदाला दोन-अडीचशे फ्रेम हव्या असतील तर तिथे प्रोसेसरचा कस लागतो. सायबरपंक २०७७ सारखा गेम मात्र कार्डाला घाम फोडतो, प्रोसेसर मधला असला तरी भागतं. तुमचा बहुतेक वेळ मित्रांबरोबर व्हॅलोरंटमध्ये जाणार असेल आणि तुम्ही अर्धं बजेट कार्डावर घातलंत, तर तुम्ही दुसऱ्या कुणाचा तरी पीसी बांधताय. (इंटरनेटवर ‘बॉटलनेक’ टक्क्यांत सांगणारे कॅल्क्युलेटर आहेत. कोणता गेम, कोणती सेटिंग हे नीट न विचारता जो टक्का सांगतो, त्याच्याकडे तेवढंच लक्ष द्या जेवढं पेपरातल्या राशिभविष्याकडे देता.)

एका अक्षराची किंमत

आता प्रोसेसर आणि मदरबोर्ड. ही जोडी एकत्रच ठरवायची, वेगवेगळ्या दिवशी नाही. प्रोसेसर ज्या जागेत बसतो ते सॉकेट जुळलंच पाहिजे, इथे ‘थोडं ॲडजस्ट’ होत नाही. एएमडीचे दोन सॉकेट सध्या तुमच्या कानावर पडतील. एएम४, म्हणजे रायझनच्या पहिल्या पिढ्यांपासून ५००० मालिकेपर्यंतचा, आणि एएम५, जो २०२२ मध्ये ७००० मालिकेबरोबर आला. इंटेलकडे एलजीए १७०० मध्ये बारावी, तेरावी, चौदावी पिढी बसते. २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ लागतो. एवढं बहुतेकांना माहीत असतं आणि सॉकेटवरून फसणारे थोडेच.

खरी फसगत होते सॉकेट जुळल्यावर.

याचं उत्तम उदाहरण एएमडीनेच घडवलं. २०१८ चा बी४५० बोर्ड आणि २०२० च्या शेवटी आलेले रायझन ५००० हे दोन्ही एएम४. पण मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की नवे प्रोसेसर जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. कारण ऐकायला विचित्र होतं. बोर्डावरच्या बायोस चिपमध्ये जागा पुरत नव्हती. बायोस म्हणजे बोर्डाला प्रोसेसरची ओळख करून देणारं छोटं सॉफ्टवेअर. अनेक बोर्डांवर ते १६ एमबीच्या चिपमध्ये कोंबलेलं होतं आणि इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची माहिती त्यात मावेना. ग्राहकांनी जगभर आरडाओरडा केला, आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. नवा बायोस मिळाला, पण जागा करण्यासाठी बऱ्याच ठिकाणी जुन्या प्रोसेसरांची नावं त्यातून काढावी लागली.

याचा तुमच्याशी संबंध असा की सॉकेट तेच, पिना त्याच, प्रोसेसर ‘बसतो’, आणि तरी स्क्रीन काळी राहू शकते. मित्राचा जुना बी४५० बोर्ड घेऊन त्यावर रायझन ५ ५६०० लावणार असाल, तर आधी त्या बोर्डचा बायोस अपडेट झालाय का ते विचारा. आणि हे जुन्या मालापुरतंच नाही. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला बी६५० बोर्ड आणि त्यावर ९००० मालिकेचा रायझन घेतलात तर तोच प्रसंग येऊ शकतो. उपाय सोपा आहे. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येकापुढे कोणत्या बायोसपासून तो चालतो ते लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे. शिवाय काही बोर्डांवर मागच्या बाजूला ‘बायोस फ्लॅशबॅक’चं बटण असतं, प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून अपडेट करता येतं. दोन बोर्ड सारखेच वाटत असतील तर हे बटण असलेला घ्या. आरजीबी दिव्यांपेक्षा ते जास्त उजेड पाडतं.

मग अक्षरांचा खेळ. इंटेलच्या आय५ १२४०० पुढे ‘एफ’ आलं की त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणजे स्वतंत्र कार्ड असल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. ‘आत्ता प्रोसेसर घेतो, कार्ड दिवाळीला’ असा बेत असेल तर हे अक्षर तुम्हाला सहा महिने काळ्या स्क्रीनसमोर बसवेल. एएमडीत ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. मग ‘जी’च घ्यावा का? नुसता अंगभूत ग्राफिक्सवर वर्ष काढायचं असेल तर हो. पण कार्ड लगेच घेणार असाल तर नको, कारण ‘जी’मध्ये कॅश निम्मी आहे, ३२ ऐवजी १६ एमबी, आणि कार्डाशी बोलण्याचा रस्ताही एक पिढी जुना, पीसीआयई ३.०. एएम५ वरच्या ७६०० मध्ये कामापुरतं ग्राफिक्स आहे, ७५००एफ मध्ये नाही. कार्ड कधी बिघडलं तर अंगभूत ग्राफिक्सवर निदान असाइनमेंट तरी सबमिट होते, एवढं लक्षात ठेवून ठरवा.

एएम४ की एएम५? माझं मत विचाराल तर हातात आधीच डीडीआर४ रॅम असेल किंवा बजेट अगदीच ताणलेलं असेल तर एएम४ला नाकं मुरडू नका. पण तो रस्ता तिथेच संपतो. एएम५ला एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही साथ द्यायचं जाहीर केलं आहे, म्हणजे नोकरी लागल्यावर नुसता प्रोसेसर बदलून पुढे जाता येईल.

रॅमचं सांगायचं तर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, दोन्ही दिसायला भावंडं, पण मधली खाच वेगळ्या जागी. एकाच्या जागी दुसरी बसत नाही, आणि जोर लावलात तर स्लॉट तुटतो. एएम५ फक्त डीडीआर५ घेतो, एएम४ फक्त डीडीआर४. इंटेलच्या एलजीए १७०० वर मात्र दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, नावात एखाद्या अक्षराचा फरक असतो, तेव्हा खोक्यावर वाचूनच पैसे द्या. सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या, प्रोसेसरला एकाच वेळी दोन मार्गांनी माहिती मिळते. चार स्लॉट असलेल्या बोर्डवर त्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, शेजारीशेजारी नाही. आणि खोक्यावर छापलेला वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करावं लागतं. कित्येक जण वर्षानुवर्षं महागडी रॅम संथ चालवतात, कारण हे कुणी सांगितलेलंच नसतं. रॅमच्या भावाबद्दल जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर ‘क्रुशल’ हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. त्याआधीच्या व्हिडिओतली ‘बेस्ट बजेट बिल्ड’ आता कागदावरच बेस्ट आहे.

एसएसडीत एकच पाहा. एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही. बोर्डच्या माहितीपत्रकात स्लॉट काय घेतो ते लिहिलेलं असतं.

कार्ड: लांबी, मार्ग आणि जुना बाजार

ग्राफिक्स कार्ड निवडताना सगळे फ्रेम मोजतात, मिलिमीटर कुणी मोजत नाही. तीन पंख्यांचं कार्ड तीनशे मिलिमीटरच्या वर सहज जातं. कॅबिनेटच्या माहितीत ‘कमाल कार्ड लांबी’ दिलेली असते. पुढच्या बाजूला पंखे किंवा रेडिएटर लावणार असाल तर त्यांची जाडी त्यातून वजा करा.

दुसरी गोष्ट मार्गांची. कार्डाचा स्लॉट सोळा मार्गांचा दिसतो, पण सगळी कार्डं सोळा वापरत नाहीत. आरटीएक्स ४०६० आठ वापरतं, आरएक्स ६५०० एक्सटी तर फक्त चार. पीसीआयई ४.० च्या बोर्डवर हे खपून जातं. जुन्या ३.० च्या बोर्डवर, किंवा त्या ५६००जी बरोबर, प्रत्येक मार्गाचा वेग निम्मा होतो. चार मार्गांच्या कार्डाचा तिथे जीव गुदमरतो. हे ‘चल जाएगा’चं अस्सल उदाहरण. बसतं, सुरू होतं, आणि तुम्हाला वाटत राहतं की कार्डच बोगस आहे.

जुनं कार्ड घ्यावं का? घ्या, पण चालवून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं जुन्या बाजारात आली. मायनिंगमध्ये वापरलेलं प्रत्येक कार्ड खराबच असतं असं नाही, पण पंखे आणि थर्मल पेस्ट थकलेले असू शकतात. त्याहून वाईट म्हणजे नकली कार्डं. जीटीएक्स ५५० टीआयसारख्या जुनाट कार्डाचं बायोस बदलून ते १०५० टीआय म्हणून विकायचं. विंडोजही त्याला तेच नाव दाखवतं. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर अशी बरीच कार्डं ओळखून नावापुढे ‘फेक’ लिहितं. विकणाऱ्याला ते चालवून दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळालंच.

आणखी एक मोह: ऑफिसमधून निघालेला जुना ब्रँडेड पीसी स्वस्तात घ्यायचा आणि त्यात कार्ड टाकायचं. ऐकायला झकास. पण अशा पीसीत एसएमपीएस बहुतेकदा कमी वॉटचा आणि कंपनीच्या स्वतःच्या कनेक्टरचा असतो, बदलायला गेलात तर बाजारातला लागत नाही. कॅबिनेट इतकं बारीक की अर्ध्या उंचीचं कार्डच मावतं. वर इंटेलचे सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर, दोन-तीन अपवाद सोडले तर, विंडोज ११ च्या यादीत नाहीत, आणि विंडोज १० ची नेहमीची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात. तेव्हा पार्ट पार्टाला जुळणं पुरेसं नाही, ते गेमच्या अटींनाही जुळायला लागतं.

ज्यात कुणालाच रस नसतो तो भाग

एसएमपीएस. यादीत शेवटी, बजेट ताणलं की पहिली कात्री त्यालाच. फ्रेम वाढवत नाही, दिसत नाही, इन्स्टावर टाकता येत नाही. पण बाकी सगळ्या भागांच्या जिवाची जबाबदारी एकट्या याच्यावर.

गरज मोजूया. रायझन ५ ५६०० चा कागदोपत्री आकडा ६५ वॉट, आरटीएक्स ४०६० चा ११५. बाकी बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरले तरी पूर्ण मशीन अडीचशे वॉटच्या आसपास. मग एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस का सुचवते? कारण कार्ड क्षणभर, अगदी मिलिसेकंदापुरतं, आपल्या आकड्याच्या बरंच वर उडी मारतं, आणि चांगला एसएमपीएस तो झटका पचवतो. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ आलेल्या डब्यावर ४५० वॉट छापलेलं असतं, पण तो आकडा कधी कधी निव्वळ छपाई असतो. लेबल वाचायला शिका. १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघा, त्याला १२ ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड याच रांगेवर जगतात. गुणाकार २०० आला आणि वर मोठ्या अक्षरात ४५० असेल, तर तो डबा दुकानातच ठेवा.

‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का असावा, पण तो फक्त भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जात नाही एवढंच सांगतो. डब्यातली सुरक्षा कशी आहे, तो पाच वर्षं टिकेल का, हे तो शिक्का सांगत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं बघा. पाच वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी कच्चा माल घालायला दहा वेळा विचार करते. आणि एक धोक्याची सूचना: सुट्या वायरींचा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस घेतलात आणि पुढे कधी बदललात, तर जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका. कनेक्टर अगदी तसाच दिसतो, आतली पिनांची मांडणी मात्र वेगळी असू शकते. चुकीच्या तारेतून १२ व्होल्ट एसएसडीत शिरले की तुमचं जर्नल, प्रोजेक्ट आणि सेव्ह फाइल एका सेकंदात गेली.

आता आपल्या घराकडे या. टेंभी नाक्याच्या आजूबाजूला असोत, कल्याणच्या जुन्या भागात असोत की डोंबिवलीत, अनेक इमारती पीसी हा शब्द ऐकायच्या आधीच्या आहेत. तुमच्या टेबलाजवळच्या प्लगला अर्थिंग आहे का? कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर बहुधा नाही. एसएमपीएसमधला फिल्टर गळतीचा करंट अर्थिंगमध्ये सोडतो. अर्थिंगच नसलं तर तो कॅबिनेटवर येऊन बसतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जुगाडावर लावणं हा यावरचा सगळ्यात वाईट उपाय. इलेक्ट्रिशियन बोलावून एक पॉइंट नीट करून घ्या. तो खर्च यादीत लिहा, तोही पीसीचाच भाग आहे.

यूपीएसचंही असंच. बाजारातल्या ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद बऱ्याचदा ३६० वॉटच असते. त्यावर मॉनिटरसह गेमिंग पीसी लावला तर गेम सेव्ह करून बंद करण्यापुरती काही मिनिटं मिळतील, तेवढीच अपेक्षा ठेवा. शिवाय चांगल्या एसएमपीएसपैकी काही, स्वस्त यूपीएसच्या ओबडधोबड लहरींवर बंद पडतात. म्हणजे वीज गेली की यूपीएस बीप वाजवतो आणि पीसी तरीही बंद. घेताना यूपीएस किती वॉटचा ते विचारा, व्हीए नाही.

कॅबिनेटबाबत थोडक्यात. पुढून अख्खी काच असलेलं देखणं कॅबिनेट एसी असलेल्या स्टुडिओत ठीक. मे महिन्यात ठाण्याच्या खोलीत पंख्याखाली चालणाऱ्या पीसीला पुढे जाळी हवी आणि जाळीमागे धुळीचा फिल्टर, जो काढून धुता येतो. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ गुणिले २४४ मिलिमीटरचा, पूर्ण एटीएक्स ३०५ गुणिले २४४ चा. छोटा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये जातो, उलटं होत नाही. टॉवर कूलर घेत असाल तर त्याची उंची आणि कॅबिनेटची रुंदी ताडून पाहा, नाहीतर काच लागतच नाही.

लॅमिंग्टन रोड, रविवार सोडून

ठाण्यात दुकानं आहेत, ऑनलाइन तर सगळंच आहे. तरी इथून पीसी बांधणारा प्रत्येक जण एकदा लॅमिंग्टन रोडची वारी करतोच. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता, तो गेला, नाव तोंडात राहिलं. टेंभी नाक्यावरून चालत ठाणे स्टेशन, फास्ट लोकलने दादर, पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

जाण्याआधी यादी एकदा पीसी पार्ट पिकरसारख्या साइटवर टाकून बघा. सॉकेट, रॅम, लांबी यातल्या ढोबळ चुका ती लाल अक्षरात दाखवते. तुमच्या घराचं अर्थिंग ती तपासत नाही. पहिल्या दुकानात सगळं घेऊ नका, तीन ठिकाणी पूर्ण यादीचा भाव लिहून घ्या. तुमच्या यादीतलं मॉडेल नसलं की ‘तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं’ असं म्हणून काहीतरी पुढे केलं जाईल. बोर्ड किंवा एसएमपीएसच्या बाबतीत असं झालं तर तिथेच मोबाइल काढून मॉडेलचं पान उघडा. लाजू नका, रोज शंभर जण हेच करतात.

‘जीएसटी कमी झाला ना?’ असं घरचे विचारतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. प्रोसेसर, कार्ड, रॅम आणि तुमचा २४ इंची मॉनिटर आधीही १८ टक्क्यांतच होता, आताही आहे. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हा प्रस्ताव आला तर नाही म्हणा. वॉरंटीच्या खिडकीवर तुमच्या बाजूने बोलणारं तेच एक कागद असतं. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. ऑनलाइन मागवत असाल तर सील तोडण्यापासून व्हिडिओ काढा. बोर्डचा खोका उघडताना सॉकेटमधल्या पिनांवर टॉर्च मारून बघा. एएम५ आणि इंटेल दोन्हींत पिना बोर्डवर असतात, केसाएवढ्या नाजूक, आणि एक वाकडी असली तरी ती कुणी वाकवली यावर वाद होतो.

परतीची तयारी वेगळी. संध्याकाळी सहाला दादरहून ठाण्याच्या फास्टमध्ये काचेचं कॅबिनेट घेऊन चढून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. दुपारीच निघा, किंवा टॅक्सीने सीएसएमटी गाठा, गाडी तिथूनच सुटते. कॅबिनेटचं वजन आणि काच बघता ते एक ठाण्यात किंवा ऑनलाइन घेतलं तरी बिघडत नाही. दुकानातच जोडून घेत असाल तर प्रवासासाठी ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवा. जोडलेलं कार्ड आपल्याच वजनाने प्रत्येक धक्क्याला स्लॉट ओढत असतं. नवरात्रात मात्र हा बेत आखू नका. आनंद दिघेंनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या टेंभी नाक्याच्या देवीला गर्दी असते, वाहतूक वळवलेली असते, आणि त्या गर्दीतून मदरबोर्ड नेणं म्हणजे देवीलाच साकडं.

घरी जोडताना घाई करू नका. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला सारखी असते. पहिली चार-चार अशी फाटते, दुसरी सहा-दोन अशी. न बसणाऱ्याला ढकलू नका. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला लावा. एएम५ असेल तर पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरतील, दिवे लागतील आणि स्क्रीन काळीच राहील. घाबरून वीज बंद करू नका. बोर्ड नव्या रॅमची ओळख करून घेत असतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात. तेवढ्यात चहा टाका. विंडोज आलं की डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झचा आकडा बघा. १४४ चा मॉनिटर घेतलात तरी विंडोज बऱ्याचदा तो ६० वरच चालवत बसलेलं असतं.